गरम पेटी आणि ठमाकाकीची कणगी

कापणी उरकली, भारे खळ्यावर गेले, की आमच्या भागातले उंदीर घरं शोधायला निघतात. चार महिने त्यांना शेतात कशाची कमी नसते. बांधात बीळ, डोक्यावर भाताची दाटी, खायला लोंब्या. मग एक दिवस विळे फिरतात आणि सगळं उघडं पडतं. वर घार, खाली थंडी. उंदीर कुंपणाच्या कडेकडेनं वस्तीकडे सरकू लागतात. माणसाच्या घरात ऊब असते, अन्न असतं आणि अडगळ असते. उंदराला याहून जास्त काही नको असतं.

परवा मुरबाडहून कल्याणला येताना आमची गाडी पेंढ्यानं भरलेल्या टेम्पोच्या मागे बराच वेळ अडकली. वाऱ्यानं पेंढ्याच्या काड्या काचेवर येत होत्या. मी काच खाली घेतली. नव्या पेंढ्याचा तो गोडसर, उन्हात वाळलेला वास आत आला आणि त्याच्यामागून आणखी एक वास आठवला. ओल्या पानांचा, शेणाचा, वाफेचा. पहाटेच्या थंडीत झाकण उचललं की तोंडावर येणारा. तो आप्पांच्या पेटीचा वास. तो आठवला की मला थोडी लाज वाटते. वीसेक वर्षं झाली त्याला, तरी वाटते.

आप्पा म्हणजे माझे सासरे. भातसानगरला धरणावर नोकरीला होते. काम साधं होतं. रोज सकाळी ठरल्या वेळी पाण्याची पातळी बघायची आणि नोंदवहीत लिहायची. पाऊस असो, ताप असो, घरात लग्न असो, नोंद चुकली नाही. सासूबाई सांगायच्या, यांनी देवाला हात जोडण्याआधी पाणी बघितलेलं असतं. निवृत्त झाल्यावर वर्षभरात सासूबाई गेल्या आणि आप्पा आमच्याकडे राहायला आले. आमचं घर मुरबाडच्या कडेला होतं. पुढे डांबरी रस्ता, मागे भातशेतं. मी जवळच्या गावात हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. हे कल्याणला नोकरीला, सकाळच्या एसटीनं जायचे. दिवसभर घरात आप्पा एकटे. ते काही मागत नसत, कशाला नावं ठेवत नसत. ओट्यावर बसून पलीकडच्या माळाकडे बघत असत. मी शाळेतून आले की विचारायचे, "वाजले किती?" घड्याळ समोरच असायचं.

त्यांना कामाला लावलं ते आमच्या घराच्या ओल्या कचऱ्यानं. भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा मी मागच्या चरात फेकायचे. तिथे माश्या बसत. आप्पांनी ते दोन-चार दिवस बघितलं आणि एक दिवस घमेलं घेऊन चर साफ केला. कुठल्याशा शेतकी मासिकात त्यांनी कंपोस्ट खताबद्दल वाचलं होतं. परसात सागाचा पाला, पेंढा आणि कचरा यांचे थर देऊन त्यांनी ढीग रचला. शेण ठमाकाकीकडून आलं.

ठमाकाकी आमची शेजारीण. पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच शेती करणारं घर. नवरा गेलेला, मुलगा कंपनीत, सून बाळंतपणाला माहेरी. शेत, गोठा, कोंबड्या सगळं एकटी बघायची. आमच्या आणि तिच्या परसामध्ये निरगुडीचं कुंपण होतं, त्यात येण्याजाण्यापुरती एक फट. रोज सकाळी शेणाची बादली त्या फटीतून इकडे यायची आणि हाक यायची, "आप्पा, तुमचा नाष्टा!"

ढीग मात्र गार राहिला. आंबूस वास येऊ लागला. आप्पा त्यात लोखंडी सळई खुपसायचे, थोड्या वेळानं काढून मुठीत धरायचे आणि मान हलवायचे. एक दिवस मला म्हणाले, "सुरेखा, ढीग लहान आहे. लहान ढिगाला स्वतःची ऊब धरता येत नाही. जेवढी आत तयार होते, तेवढी बाहेर निघून जाते. याला पांघरूण पाहिजे."

मग त्यांनी पेटी बांधली. बाजारातून सफरचंदांच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. मासळीवाल्यांकडे थर्माकोलच्या फुटक्या पेट्या पडलेल्या असत, त्या धुऊन, वास जाईपर्यंत उन्हात ठेवून, त्यांचे तुकडे कापले. बाहेर फळ्या, मधे थर्माकोल, आत प्लास्टिकच्या गोणीचं अस्तर. कमरेएवढी उंच, तीन फूट लांब, तीन फूट रुंद. झाकणाला आतून जुनी गोधडी ठोकली. पेटी कुंपणाला चिकटून, जमिनीवर ठेवली. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर हेडमास्तरांना सांगून आणला. आप्पांनी तो बांबूच्या नळीत बसवला.

पाचव्या दिवशी पारा साठाच्या वर गेला. आप्पा चपला न घालता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. "बासष्ट!" एवढंच म्हणाले. पोळी तव्यावर टाकून मी बाहेर धावले. झाकण उचललं तर वाफ. पौषातली सकाळ, तोंडातून निघणारा श्वास दिसेल अशी थंडी, आणि आमच्या परसात केळीच्या सालींची वाफ वर चढत होती. कुंपणापलीकडून ठमाकाकी म्हणाली, "काय गो, आप्पानं इस्तव न लावता चूल पेटवली!"

त्या दिवसापासून आप्पांनी वही घातली. तारीख, वेळ, मधलं तापमान, चारही कडांचं तापमान, काय टाकलं, कधी वरखाली केलं. तेच जुनं अक्षर, तीच रेघ. ओट्यावर बसणं संपलं. मी शाळेतून आले की आता ते वेळ विचारत नसत. आकडा सांगत.

त्यांचा एक नियम होता. शिजलेलं अन्न आणि मासळी पेटीत टाकायची नाही. "टाकायचंच झालं तर मधोमध खड्डा करून, जिथं गरम आहे तिथं, आणि वरून वीतभर पाला. कडेला तर मुळीच नाही. वास सुटला की उंदीर आलेच."

जानेवारी लागला आणि भातसानगरला त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. आप्पा चार दिवसांसाठी गेले. थर्मामीटर कसा लावायचा, वहीत कुठे लिहायचं, मला दोनदा समजावून गेले. त्याच रविवारी मी शाळेतल्या सहकाऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. बारा माणसं येणार म्हणून रांधलं, आली सात. उरलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं नाही. अर्धं पातेलं भात, तळाचा रस्सा, मासळीची डोकी, काटे. संध्याकाळ झाली होती, पाठ भरून आली होती, तपासायला वह्यांचा गठ्ठा पडला होता. मी पेटीचं झाकण उचललं आणि पातेलं कडेला उलटं केलं. खड्डा केला नाही. पाला घातला नाही. झाकण टाकलं, कडी लावायची राहिली. पुढचे दोन दिवस मी तिकडे फिरकले नाही. नोंदी मनानंच लिहिल्या, अट्ठावन्न, सत्तावन्न. आप्पा येणार त्या सकाळी मला भान आलं. मी घाईघाईनं वर पाला पसरला, झाकण नीट बसवलं, कडी लावली.

आप्पा आले, बॅग ओट्यावर ठेवली आणि आधी पेटीकडे गेले. नाक जवळ नेऊन म्हणाले, "वास कसला येतोय गं?"

मी म्हटलं, "कुठं? मला नाही येत."

मी विज्ञान शिकवते. मुलांना सांगते, जे दिसलं तेच लिहा, यायला हवं ते नको. आणि एवढ्याशा गोष्टीसाठी मी त्या म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलले. भीती कसली होती? आप्पा कधी आवाज चढवत नसत. ते फक्त थोडे गप्प झाले असते. ते गप्प होणंच मला टाळायचं होतं. खोटं बोलायला माणसाला फार मोठं कारण लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

संक्रांत होऊन आठेक दिवस झाले असतील. सकाळचं ऊन परसात उतरलं होतं. आप्पा मोरीत आंघोळ करत होते, मी तुळशीला पाणी घालत होते. ठमाकाकी कुंपणाच्या फटीतून आली. हातात सूप होतं. ते तिनं माझ्या पायाशी ठेवलं. सुपात नुसता तूस होता, आणि काळ्या लेंड्या.

"काय झालं काकी?"

"झिणी गेली," ती म्हणाली. "बियाण्याची."

तिच्या मागच्या पडवीत बांबूची, शेणानं सारवलेली कणगी होती. त्यात ती झिणी भाताचं बियाणं ठेवायची. झिणी म्हणजे आमच्याकडचा बारीक, वासाचा भात. आजूबाजूच्या सगळ्यांनी केव्हाच दुकानातलं बी आणायला सुरुवात केली होती. जास्त पिकतं, आयतं मिळतं. काकीनं एका खाचरापुरती झिणी सोडली नव्हती. सासूनं मरताना तिच्या ओटीत घातलेलं बी होतं ते. दर वर्षी नवं पिकवायचं, निवडक लोंब्या वेगळ्या झोडायच्या, कणगीत भरायचं, माघात एकदा ऊन द्यायचं. ऊन द्यायला तिनं त्या दिवशी झाकण काढलं. वर चार बोटं दाणा होता. खाली हात घातला तर हात तसाच खाली गेला. उंदीर तळातून आले होते.

ती ओरडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "माझ्या सासूचं बियाणं होतं गो हे," एवढंच म्हणाली आणि सूप तिथंच ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी शेणाची बादली आली नाही. तिसऱ्या दिवशी कुंपणाच्या फटीत बोरीचा काटा लावलेला दिसला.

ते सूप बघून आप्पा कोसळलेच. बीळ कुठून निघतंय हे शोधायला कोणा जाणत्याची गरज नव्हती. पेटीच्या बुडाशी, कुंपणाच्या बाजूला मातीचा ताजा ढिगारा होता. यांनी कल्याणहून उंदराचं औषध आणलं. आप्पा ते टाकणार, तेवढ्यात रस्त्यानं सोमादादा चालला होता. सोमादादा कातकरी वाडीतला. कापणीनंतर बांध खणून उंदीर काढण्यात त्याच्याइतका जाणता माणूस आसपास नव्हता. आप्पांनी त्याला हाक मारली.

त्यानं आधी पुडी बघितली. "हे नका टाकू. औषध खाल्लेला उंदीर बांधावर जाऊन मरतो. तो आमी आणतो. आमची पोरं खातात."

आप्पांनी पुडी तशीच खिशात घातली. सोमा उकिडवा बसला, जमिनीवर हातानं थापट्या मारत कान देऊन ऐकत फिरला. पेटीखाली एक तोंड होतं, कुंपणात एक, काकीच्या पडवीमागे एक. "हे यायचं, हे जायचं, आन् हे पळायचं," तो म्हणाला. बोरीचा काटा बाजूला करून त्यानं काकीलाही बोलावलं. ती आली, पण आमच्याकडे न बघता उभी राहिली.

आप्पांनी पेटीची फळी काढली. आतला थर्माकोल पोखरून पांढरा चुरा झाला होता, आणि त्या चुऱ्यात, गोधडीच्या धाग्यांच्या घरट्यात, गुलाबी पिल्लं होती. डोळे न उघडलेली. सोमानं त्यांच्यावर तळहात धरून बघितलं.

"बंगला बांधलात की आप्पा तुमी उंदराला. भिंती कुरतडायला मऊ, आतून गरम, खाली माती मोकळी. कुंपणाला लागून ठेवली, म्हणजे उघड्यावर यायला नको."

मग त्यानं घरट्यामागून काही उचललं. मासळीचा काटा. वाळलेल्या भाताची ढेकळं.

"शिजलेलं कोणी टाकलं हितं?"

आप्पा ताठ झाले. "आमच्या घरात टाकत नाहीत शिजलेलं."

मी तिथेच होते. आप्पांपासून दोन हातांवर. सोमा माझ्याकडे बघत नव्हता, काकी बघत होती. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

सोमानं पिल्लं पळसाच्या पानात घेऊन झोळीत ठेवली. मी तोंड फिरवलं. तो राग न धरता म्हणाला, "बाई, तुमी कोंबडी खाता ना?" मग पहार घेतली आणि बिळाचा माग काढत खणू लागला. मोठे उंदीर निघाले, काठीखाली आले. मला वाटलं संपलं. पण तो खणतच राहिला. "थांबा. हा शेतातला उंदीर हाय. खातो त्याच्या दुप्पट साठवतो."

कुंपणाच्या खाली, हातभर खोल, एक कोठार निघालं. घमेल्याएवढं. आत भात होता. कोरडा, स्वच्छ, माणसानं भरावा तसा दाबून भरलेला. काही दाणे कुरतडलेले, बहुतेक सगळे सबंध. ठमाकाकी खाली बसली. चार दाणे तळहातावर घेतले, एक दाढेखाली फोडला, वास घेतला.

"झिणीच हाय," ती म्हणाली. आणि दाणे परत ढिगात ठेवले.

का ठेवले ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बिळातून निघालेला भात खणणाऱ्याचा. हा आमच्याकडचा रिवाज, कोणी लिहिलेला नाही आणि कोणी मोडत नाही. कातकऱ्यांच्या घरी कापणीनंतरचे काही आठवडे त्यावर निघतात. काकी मागणार नव्हती. आप्पाही बोलू शकत नव्हते.

सोमानं पहार टेकवली, घाम पुसला. "काकी, बिळातलं आमचं असतं."

"म्हाईत हाय रे."

"पण हे बिळातलं नाय. हे तुमच्या कणगीतलं हाय. उंदरानं नुसती जागा बदलली."

काकीनं मान खाली घातली. नंतर उठून घरात गेली आणि सूपभर भात, वर सुक्या बोंबलांची मोठी जुडी घेऊन आली. सोमानं ते झोळीत घेतलं. कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. तिथं ते शब्द फार छोटे पडले असते.

बी सगळं मिळालं नव्हतं. पण एका वाफ्यापुरतं होतं. एखादं शहाणं माणूस इथं म्हणालं असतं, चला, निभावलं. आप्पा तसं म्हणाले नाहीत. त्यांनी पेटी पूर्ण मोडली, फळ्या धुऊन भिंतीला लावल्या, थर्मामीटर पुसून माझ्या हातात दिला. "शाळेचा आहे, परत दे." वही कपाटात ठेवली. पुन्हा ओट्यावर बसायला लागले. काकीनं पुन्हा काटा लावलेल्या फटीपाशी जाऊन रोज एकदा तिला म्हणायचे, "चूक माझी आहे बाई." काकी उत्तर द्यायची नाही. आठवड्यानं ते यांना म्हणाले, "मी आता शहापूरला पुतण्याकडे जातो. इथं माझं काय काम?"

यांना वाटलं, वयामुळे मन हळवं झालंय. खरं कारण मला एकटीला ठाऊक होतं. त्यांच्या बॅगेत पंचे, धोतरं जाताना मी बघत होते. एक खोटं वाक्य किती लांब जातं. माझ्या जिभेवरून निघालं, पेटीत शिरलं, कुंपणाखालून काकीच्या कणगीत गेलं आणि आता एका माणसाला घरातून बाहेर काढत होतं.

सकाळी हे निघून गेल्यावर मी आप्पांसमोर बसले. सांगितलं. सगळं, पातेलं, कडी, पाला, नंतरचं खोटं. मनानं लिहिलेल्या नोंदीही.

त्यांनी बॅगेचा पट्टा आवळता आवळता सोडून दिला. मग म्हणाले, "भात किती होता?"

"अर्धं पातेलं."

"मधे टाकलास की कडेला?"

"कडेला. कुंपणाच्या बाजूला."

ते उठले, कपाटातून वही काढली, एक पान माझ्यापुढे धरलं. आल्या दिवसापासूनच्या नोंदी. "बघ. कुंपणाच्या बाजूचा आकडा बाकीच्या कडांपेक्षा वेगळा येतोय. मी म्हटलं थर्मामीटर बिघडला, नाहीतर माझे डोळे गेले. रात्र रात्र विचार करत होतो." चष्मा काढून पुसला. "उंदीर आले त्याचं मला एवढं नाही, सुरेखा. उंदीर येतातच. तू मला खोटा आकडा दिलास. तीस वर्षं मी पाणी जेवढं होतं तेवढंच लिहिलं. एकदाही वाढवलं नाही, एकदाही कमी केलं नाही. खाली एवढी माणसं राहतात."

माझे सासरे माझ्यावर रागावले ते तेवढंच. त्यांनी माझ्या दोन नोंदींवर तिरकी रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'शिजलेला भात, मासळी, कडेला, झाकलं नाही'. नाव लिहिलं नाही. वही मिटली. "आता काकीकडे जा. मी येणार नाही बरोबर."

काकी गोठ्यात होती. मी बोलायला सुरुवात केली आणि तिनं मधेच हात वर केला.

"म्हाईत हाय मला. त्या सांजेला मी भांडी घासत होते. पातेलं उलटं करताना बगितलं तुला."

"मग बोललात का नाही? आप्पा रोज माफी मागत होते."

"सूप मी कोणापुढं ठेवलं गो?"

माझ्या पायाशी ठेवलेलं ते सूप मला आठवलं.

"सासऱ्यावर ढकलून मोकळी होतेस का, बगत होते. आठ दिवस लावलेस." तिनं बादली शेणानं भरली आणि माझ्या हातात दिली. बादली जड होती. "ने. त्या माणसाला काम नाय मिळालं तर तो असाच बसून बसून संपंल. आन् तो काटा काढ जाताना. हात सांभाळ."

काटा काढताना हात सांभाळला नाहीच. बोटातून रक्त आलं. तसंच चालत घरी आले.

दुसरी पेटी आप्पा, सोमा आणि काकी यांनी मिळून केली. खरं तर पेटी नव्हती ती. पत्र्याची दोन पिंपं, एक मोठं, एक लहान, एकात एक. मधल्या पोकळीत गिरणीतला भाताचा तूस ठासून भरला आणि वरखाली सिमेंटनं लिंपून बंद केला. तूसही ऊब धरतो, जवळजवळ थर्माकोलइतकाच, आणि गिरणीबाहेर त्याचा डोंगर पडलेला असतो. सोमा म्हणाला, "उंदराला दात टेकवायला कड लागते. कड नाय मिळाली तर तो कितीही भुकेला असला तरी काय करील?" पत्र्याला कड नव्हती. खाली विटांचा चौथरा, तळाला आणि हवेच्या भोकांना बारीक जाळी, करंगळीचं टोकही शिरणार नाही अशी. झाकणावर दगड. पिंप कुंपणापासून लांब, परसाच्या मधोमध ठेवलं. चहूबाजूंनी माणूस फिरू शकेल इतकी जागा सोडली, कारण उंदराला उघड्यावरून चालायला आवडत नाही. पालाही कोरडा ठेवायचा नाही, पिळला तर थेंब यावा इतका ओला. कोरड्यात तो घर करतो.

वरचं अन्न आणि खालची माती या दोन गोष्टी आम्ही पहिल्या खेपेला विसरलो होतो. मी एक विसरले, आप्पा दुसरी. ते हे आवर्जून सांगत. मला बरं वाटावं म्हणून सांगत असतील, पण ते खरंही होतं.

उन्हाळ्यात एक प्रसंग झाला. आमच्याकडे रोपांच्या वाफ्यावर राब भाजतात. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून पेटवायच्या, म्हणजे मातीतलं तणाचं बी मरतं आणि राखेचं खत होतं. काकी तिच्या वाफ्यावर राब रचत होती. आप्पा पिंपातलं तयार खत टोपलीत घेऊन गेले. काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीच्या वासाचं.

"अर्ध्या वाफ्याला राब नका भाजू," ते म्हणाले. "हे घाला. हे आतल्या आत भाजलेलंच आहे. साठाच्या वर होतं किती दिवस. तणाचं बी मेलंय यातलं."

काकीनं हातात खत घेतलं, बोटांनी चुरलं. तिच्याकडे झिणीचं बी मूठ-मूठ मोजण्याइतकंच होतं. गेलं तर गेलं. आणि हे सांगणारा माणूस तोच, ज्याच्या पेटीनं ते एकदा घालवलं होतं. मला वाटलं, ती नाही म्हणेल. मी तिच्या जागी असते तर नाही म्हणाले असते.

"उजवीकडचा अर्धा तुमचा," ती म्हणाली.

जूनमध्ये दोन्ही अर्धे हिरवे झाले. आप्पा छत्री घेऊन रोज बघायला जात. रोपं डावीकडे किती बोटं, उजवीकडे किती. काकी लांबूनच हसायची. लावणीच्या दिवशी तिनं उजवीकडची रोपं उपटली, मुळं पाण्यात हलवून बघितली आणि हाताखालच्या बायांना म्हणाली, "आप्पाचा राब धूर नाय करत."

त्या कार्तिकात झिणीचं खाचर सगळ्यांच्या आधी पिवळं पडलं. मळणी झाली, बियाणं पत्र्याच्या डब्यात गेलं आणि राहिलेल्यातून काकीनं नव्याचं जेवण केलं. आम्हाला बोलावलं, सोमालाही. सोमा आला तो अंगणात पायरीशी बसला, नेहमी बसायचा तसा. काकीनं आत पाट मांडले होते. तिनं त्याला दोनदा बोलावलं. तो म्हणाला, "हितंच बरा हाय."

आप्पा आतल्या पाटावर बसले होते, पुढे पान वाढलेलं. ते ताट घेऊन उठले, बाहेर गेले आणि सोमाशेजारी पायरीवर टेकले. मग हे उठले, मी उठले. काकी क्षणभर दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि मग भाताचं पातेलंच उचलून अंगणात घेऊन आली. वाफेबरोबर झिणीचा वास अंगणभर पसरला.

"सोमा, हात आवरू नको," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "एवढं सगळं आज संपवायचं हाय."